घंटा झाल्याशिवाय फाटक उघडत न्हाई

अर्धापूर मुक्कामी व्याहीबुवा हणमंतराव यांना अहमदपूरहून केवळाबाईचा रामराम. तुमचा गुडघा, विहीणबाईंची साखर आणि केळीचा भाव, तिन्ही जागेवर असतील अशी आशा हाय. इकडं सगळे खुशाल. तुमची लेक दीपमाला माझ्याशी भांडून भांडून चांगली तब्येतीत आली. पत्र माझ्याच हातानं लिहून राहिले, कारण तुम्ही फोन मोठ्या आवाजात लावता आणि मग आख्खी भावकी मधी बोलते. माझी शाळा तिसरीपर्यंतच, अक्षर वाकडं वाटलं तर मान वाकडी करून वाचा.

तर गोष्ट आपल्या नातवाची, मुकुलची. भावकीतल्या मुग्धाच्या लग्नात तुम्ही पंगतीत चार माणसांदेखत म्हणलात की पोरगं बावीस वर्षांचं झालं, डोक्यानं असं, त्याला असल्या लेकरांच्या कर्मशाळेत धाडून काय होणार, घरी बसू द्या. मी वाढायला उभी होते म्हणून गप्प बसले (तुमच्या पानात भजी कमी पडली ती त्याचमुळं). घरी बसणं काय असतं ते तुम्ही बघितलं न्हाई. मागं कर्मशाळा काही महिने बंद होती तेव्हा तो रोज आंघोळ करून, दप्तर पोटाशी धरून उंबऱ्यात बसायचा आणि संध्याकाळपर्यंत हलत राहायचा. जेवण सोडलं. तुमच्या लेकीनं बी सोडलं. मी न्हाई सोडलं, कोणीतरी धडधाकट पाहिजे घरात.

आणि तीच कर्मशाळा आता कायमची बंद पडायला आली होती. दोन वर्षं सरकारचं अनुदान न्हाई. जिल्ह्याला विचारलं तर फाइल मुंबईला, मुंबईला विचारलं तर जिल्ह्याला. (आमची लेकरं तिथं हापिसाच्या कागदी फायलीच चिकटवतात. म्हंजे फाइल आम्ही बनवून द्यायची आणि तिच्यात घालून आम्हालाच दाबून ठेवायचं.) आधी सैपाकीण गेली, मग आया गेली, मग वॉचमन नरसिंग पेट्रोल पंपावर लागला. सैपाक मी धरला. फाटकाची किल्ली कर्मशाळा चालवणाऱ्या बडीबाई विशाखाबाईंनी मुकुलच्या गळ्यात दोऱ्यात घातली आणि एकदा सांगितलं, आलेल्याला आत घ्यायचं, सुट्टीची घंटा होईपर्यंत बाहेर कोणाला सोडायचं न्हाई. मुकुलला एकदा सांगितलं की झालं. तुमच्या थोरल्या बजरंगला तेच चारदा सांगावं लागतं (हे मी म्हणत न्हाई, त्याची बहीण म्हणते).

अशात लातूरहून साहेब आले. लेकरं खरंच हायत का नुसती कागदावर हायत, हे बघायला. गाडी चालूच ठेव म्हणून डायवरला सांगून आत आले. रेस्ट हाऊसवर त्यांच्यासाठी मटण शिजत होतं. हार घातला, दोन फोटो निघाले, साहेब परत जायला फाटकाशी गेले. मुकुल म्हणला, घंटा. साहेब म्हणले, अरे मी साहेब हाय. मुकुल म्हणला, साहेब, हात धुवा. (जेवणाआधी हात धुवायची वेळ झाली होती, त्याचं काय चुकलं.) शिपाई किल्ली ओढायला गेला तर मुकुल असा ओरडला की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली, आणि तपासणीच्या दिवशी तमाशा कोणाला पाहिजे. विशाखाबाईंनी शेवटी घंटा वाजवून पाहिली. मुकुलनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि मान हलवली.

मग साहेबांनी आख्खा दिवस काढला हो. बिल थकलं म्हणून पाण्याच्या मोटारीची लाइट कापलेली, तर हापशावर हात धुतले. खिचडी खाल्ली. हिच्यात डाळ दिसत न्हाई म्हणले, मी म्हणले आम्हाला बी दोन वर्षं दिसली न्हाई. संगप्पाचे हात त्याचं ऐकत न्हाईत, त्याला भरवावं लागतं, तो साहेबांजवळ बसला आणि त्यानं तोंड उघडलं. साहेब इकडंतिकडं बघायला लागले. मी म्हणले, बघू नका, आया तुमच्या फाइलीत हाय. भरवलं मग. पहिले दोन घास नाकाला लागले, नंतर जमलं. जरा वेळानं संगप्पाची चड्डी ओली झाली तर साहेबांनी हाक मारली, अहो, कोणी हाय का इथं. मी म्हणले, होती. दुपारी फायली चिकटवायला बसवलं, त्यांनी केलेल्या सगळ्या मुकुलनं उचलून बाजूला टाकल्या. आपली फाइल बाजूला पडली की कसं वाटतं ते तोंडावर दिसत होतं.

वेळेवर घंटा झाली. मुकुलनं कुलूप काढलं आणि सलाम ठोकला. साहेब जाताना संगप्पाचं तोंड तेवढं पुसून गेले.

महिना सरायच्या आत अनुदान आलं. आया आली, डाळ आली, लाइट आली. नरसिंग बी भर दुपारी नोकरी मागायला आला. मुकुलनं आत घेतला आणि घंटेपर्यंत बसवला, संध्याकाळी तो पंपावर परत गेला. आता वॉचमनच्या पगारावर विशाखाबाईंनी मुकुललाच ठेवलं. काय होणार हाय म्हणत होतात ना, हे झालं. पंगतीत म्हणला होतात, आता पंगतीतच सांगा.

तुमची विहीण,
केवळाबाई

ता. क. नोकरदार नातवाला आजोळचा आहेर लागतो. खाकी शर्ट आणि एक शिट्टी घेऊन या. पाठवू नका, या. सकाळीच या, म्हंजे घंटेपर्यंत सगळं बघून होईल.

आणखी एक. फाटकाला किल्ल्या दोन हायत. दुसरी सैपाकघरात खिळ्याला असते, त्या दिवशी ती माझ्या कमरेच्या पिशवीत होती. साहेबांनी मला विचारलं न्हाई. तुम्ही बी विचारू नका.