हेच म्हणायचं होतं का

आई, तुझ्या नातीने मला पुन्हा कामाला लावलं आहे. धाकटीची मुलगी. तू गेलीस तेव्हा ती धाकटीच्या पोटात होती, आता सव्वीस वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा उंच. कारखान्यात नोकरी मागायला येणाऱ्या बायांना मुलाखत सोपी जावी म्हणून ती फोनवर चालणारी एक सोय तयार करते आहे. समोर टेबल नाही, टेबलापलीकडे चार चष्मे नाहीत. फोन प्रश्न वाचून दाखवतो, खाली एक मोठं हिरवं बटण असतं, ते दाबून बोलायचं, चुकलं तर पुसून पुन्हा बोलायचं. मी बुटीबोरीच्या सूतगिरणीत तीस वर्षं माणसांची भरती केली, म्हणून तिला मी हवी होते. "मावशी, तू फक्त बघ आणि कुठे अडतंय ते सांग," म्हणाली. निवृत्त झाल्यापासून वाण्याखेरीज मला कोणी काही विचारत नाही, तेव्हा मी हो म्हटलं.

पहिल्याच प्रश्नाला अडलं. 'तुमच्याविषयी थोडक्यात सांगा.' हा कोणी लिहिला, असं विचारलं, तर म्हणे एका सल्लागाराने. त्याने जन्मात बुटीबोरीचं फाटक पाहिलं नसावं. आपल्याकडच्या बाईला स्वतःविषयी सांग म्हटलं, तर ती गाव सांगते, नवऱ्याचं नाव सांगते, मुलं किती ते सांगते आणि गप्प बसते. त्यात तिचं काम कुठे आलं? मी तो प्रश्न खोडला आणि लिहिलं, 'काल उठल्यापासून निजेपर्यंत काय काय काम केलं, ते सांगा.' त्यानंतर एक बाई अकरा मिनिटं बोलली. भाची खूश झाली. मला आनंद वगैरे झाला नाही. हाच प्रश्न नोकरीत असताना कधी सुचला नाही, एवढंच मनात आलं, आणि तेही चहाबरोबर गिळून टाकलं.

मग एका सकाळी आम्ही चाचणीसाठी बुटीबोरीला गेलो. वसाहतीतल्या समाजमंदिरात सतरंजी घातली होती. चाळिशीची एक बाई आली, नागपुरात गांधीबागेतल्या एका दुकानात साड्यांच्या घड्या घालत होती, ते दुकान बंद पडलेलं. फोनने विचारलं, कोणत्या पाळीत काम कराल? तिने बटण दाबलं, फोन पोळीसारखा तळहातावर धरला आणि शांतपणे बोलली. "मले रातपाळीच द्या. घरी रातच्याले राहाचं नाही मले. तो पिऊन येते, मंग आम्ही मायलेकी बाहेर बसून राहतो. पोरीले आता बहिणीकडे ठेवलं." मी भाचीच्या हातातला दुसरा फोन पाहत होते, अधिकाऱ्याला जे दिसणार ते त्यावर येतं. तिथे अक्षरं उमटली: 'उमेदवार रात्रपाळीत काम करण्यास तयार असून मुलीच्या देखभालीची कौटुंबिक व्यवस्था उपलब्ध आहे.'

मी विचारलं, हे तिने कधी म्हटलं? भाची म्हणाली, "अगं, अर्थ तोच आहे. बोलणं नीटनेटकं करून दाखवतं ते. तिचाच फायदा आहे."

"तिच्या तोंडातलं काढून घ्यायचं आणि स्वतःचं कोंबायचं, याला फायदा म्हणतात होय? मग तिला बोलवता कशाला? घरी बसून तुम्हीच बोला की."

ती चिडली नाही. तुझ्यावर गेली आहे, चिडत नाही. म्हणाली, "मावशी, खरं सांग. ती बोलली तसंच्या तसं तुझ्या टेबलावर आलं असतं, तर तू काय केलं असतंस?"

काय केलं असतं ते मला पाठ आहे. अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'घ. अ.' लिहिलं असतं. घरगुती अडचण. अशा बाया खाडे करतात, त्यांचे नवरे फाटकाशी येऊन तमाशा करतात, असं आम्ही सगळे अधिकारी मानत होतो. तीस वर्षं मी ती दोन अक्षरं लिहिली, आणि नेमणुकीचा कागद का आला नाही हे त्यांतल्या एकीलाही कधी कळलं नाही. ती सतरंजी, ती बाई, तिची टाचेला झिजलेली चप्पल, सगळं काचेपलीकडे असल्यासारखं दिसत होतं.

आई, तुला कॉन्व्हेंटमधली ती पाहुण्यांची खोली आठवत असेल. सिस्टरांनी मला फुकट शिकायला आणि हॉस्टेलात राहायला ठेवून घेतलं होतं, आणि त्या वर्षी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात बाई हवी होती. मी बारा वर्षांची. तू कोराडीहून बसने आलीस, चपला दाराबाहेर काढल्यास, खुर्ची असून उभी राहिलीस. कडेवर चार वर्षांची धाकटी, खाली उतरायला तयार नाही. मुख्य सिस्टर नुकत्याच दक्षिणेकडून आलेल्या, त्यांची हिंदी 'इधर आओ, उधर जाओ' एवढीच. म्हणून मला वर्गातून बोलावलं. त्या इंग्रजीत विचारतात, मी तुला मराठीत सांगते, तू बोलतेस, मी त्यांना इंग्रजीत सांगते. किती माणसांचा स्वयंपाक येतो, भाकरी येते का, आजार आहे का. सगळं नीट चाललं आहे. मग सिस्टर विचारतात, राहायचं आहे की संध्याकाळी घरी जाणार? मागच्या अंगणात एक खोली रिकामी आहे.

तुझ्या भुवईवर तेव्हा खपली होती. सिस्टरांनी ती पाहिली असणार. मी विचारल्याबरोबर तू म्हणालीस, "राहाले जागा देत असन तं लय बरं होईन. पोरीले घेऊन इथंच राहीन. घरी जाचं नाही मले. सांग वं तिले." आणि मी सिस्टरांकडे वळून स्वच्छ इंग्रजीत म्हटलं, की ती संध्याकाळी घरी जाईल, तिला स्वतःचं घर आहे. मग तुझ्याकडे वळले आणि म्हटलं, खोली नाही म्हणतात.

माझे वडील कोराडीच्या वीज केंद्रात इंजिनिअर आहेत, असं मी हॉस्टेलातल्या मुलींना सांगितलं होतं. खरं तर ते मालगाडीच्या कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करत. स्वयंपाकघराचं दार मागच्या गल्लीत होतं, तिथून तू येशील-जाशील तर कोणाला दिसणार नाहीस, हा माझा हिशेब. पण अंगणात राहायला आलीस, दोरीवर तुझी लुगडी वाळत पडली, आणि रविवारी बाबा फाटकाशी येऊन ओरडू लागले, तर मग काय उरणार होतं माझं? तू फक्त म्हणालीस, "जाऊ दे. तिचंबी बरोबर आहे, कोणाकोणाले देईन." एकदा नाही म्हटलेल्या माणसाकडे दुसऱ्यांदा तोंड वेंगाडायचं नाही, ही तुझी रीत. सिस्टर पुढे चांगली हिंदी शिकल्या. तू अठरा वर्षं त्यांच्या स्वयंपाकघरात होतीस. पण तू कधी विचारलं नाहीस, आणि त्यांनाही विचारायचं कारण पडलं नाही. रोज संध्याकाळी कोराडीची बस.

समाजमंदिरात मी भाचीला शेवटी म्हटलं, तुझं यंत्र काय करायचं ते करू दे, पण पुढे पाठवण्याआधी तिला वाचून दाखव आणि विचार, हेच म्हणायचं होतं का? हो आणि नाही, दोन बटणं. तिने तिथेच बसून तासाभरात ते जमवलं. बाईला पुन्हा बोलावलं. फोनने तिला ते कौटुंबिक व्यवस्थेचं वाक्य ऐकवलं. ती तोंडाला पदर लावून हसली. "मॅडम, लय शायनं आहे हे. मी शाळेत गेली असती तं असंच बोलली असती." आणि तिने 'हो' दाबलं.

मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, अहो, तुम्ही तर वेगळंच बोलला होता. ती माझ्याकडे पाहत राहिली, मी जरा मंद असल्यासारखी. "माह्यं मले माहीत आहे ना. त्याहीले कायले पाहिजे ते? पाळी रातचीच भेटून राहिली ना, मंग झालं." भाची मला खुणावत होती, बघ, म्हटलं नव्हतं? ती अर्धी बरोबर होती. बाईने यंत्राचंच वाक्य पाठवलं, पण आधी ते ऐकलं आणि मग पाठवलं.

परतताना भाचीने विचारलं, हे वाचून दाखवायचं तुला सुचलं कसं? मी म्हटलं, अनुभव. तिने ते वहीत लिहून घेतलं.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. भाचीने घरी जाऊन धाकटीला त्या बाईचं सगळं सांगितलं, आणि रविवारी धाकटी माझ्याकडे आली ती ताट वाढता वाढता तुझ्यावर घसरली. तुझ्या तेराव्याला त्याच मुख्य सिस्टर आल्या होत्या, म्हाताऱ्या झालेल्या. तुझं कौतुक करायचं म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की आम्ही खोली देत होतो, पण तिने आपलं घर सोडलं नाही. मी तिथेच बसले होते, मान खाली घालून. तेव्हापासून धाकटीच्या डोक्यात ते बसलं आहे. "ती बुटीबोरीची बाई बघ, तिनं लेकरू तरी बाजूला काढलं," म्हणाली. "आपली आई मले कडेवर घेऊन रोज मार पाहाले परत नेत होती. खोली होती, ताई. तिले नवरा मोठा वाटला." तिच्या घरात तुझा फोटो नाही. बाबांचा आहे, कारण ते शेवटी शेवटी मवाळ झाले होते आणि तिच्याकडे राहिले. मी तिचं ऐकलं आणि आणखी थोडी आमटी वाढून घेतली.

हे कागद तिच्या हाती पडायला हवेत. मी ते तुला लिहिते आहे, कारण तू वाचणार नाहीस. बारा वर्षांच्या मुलीला कोणीही माफ करील, मीसुद्धा तिला केव्हाच केलं आहे. तुझ्या तेराव्याला गप्प बसले ती मात्र छत्तीस वर्षांची, शिकलेली, वर्षाला शंभर माणसांची लायकी ठरवणारी बाई होती. काय वाटतं म्हणून विचारशील, तर फारसं काही वाटत नाही. फक्त एवढं कळतं, की धाकटीचा तुझ्यावरचा राग मला सोयीचा आहे. मी एकटी राहते, आई. ती दर रविवारी डबा घेऊन येते, भाजी, आमटी, कधी पुरणपोळी, आणि संध्याकाळपर्यंत बसते. खरं सांगून तुझं नाव मोकळं केलं, तर ती यायची बंद होईल.