मुठीला बसेल असा चाकू

तीर्थरूप मामांना,

तुमच्या टाचणीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून प्रत्यक्षात अर्धाच घातला. उरलेला मनातून पोचता करते आहे, तो सांभाळून घ्या.) आम्ही सगळे ठीक. तुम्ही आणि मामी कसे आहात? मामींचा गुडघा काय म्हणतो? ताईच्या घरी तुम्हाला गॅलरीची खोली मिळाली, ऊन भरपूर येतं, हे ताईने कळवलं. तुमच्या बोटांबद्दल मात्र तिने फार लिहिलं नाही. सकाळी ती आखडलेली असतात आणि कुणी बटणं लावायला पुढे आलं की तुम्ही दार लावून घेता, एवढंच. आणि खाली असंही, की ‘आता मी दुकानात जाऊन काय करणार, नुसती जागा अडवणार’ असं तुम्ही सगळ्यांना सांगून टाकलंत. मामा, हे वाक्य मला बिलकूल पटलेलं नाही. पण हा विषय काढला की तुम्ही ताटावरून उठता, असं मामींनी बजावलं आहे, म्हणून मी तो काढत नाही. हे पत्र फक्त चाकूबद्दल आहे.

पहिल्यांदा आभार. दुकान सोडलंत त्या दिवशी तुम्ही तुमचा तीन पात्यांचा घडीचा चाकू रेक्झिनच्या तुकड्यात गुंडाळून कापायच्या टेबलावर ठेवून गेलात. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी आधी समजले, विसरलात. मग पाहिलं तर तिन्ही पात्यांना नवी धार लावलेली आणि बिजागरीत तेल सोडलेलं. विसरणारा माणूस तेल घालत नाही. मी तिथेच खुर्चीच्या सांगाड्यावर बसून रडले आणि आमच्या ह्यांनी विचारलं तेव्हा कापसाची धूळ गेली डोळ्यांत म्हणून सांगितलं. (ह्यांनी लगेच सगळ्या दुकानाचा केर काढला. माणूस भाबडा आहे.) ज्या चाकूच्या लांब पात्याने तुम्ही सोफ्यांचं रेक्झिन एका दमात कापायचात, आखूड पात्याने शिवण उसवायचात आणि तिसऱ्या जाडसर पात्याने खिळे उचकटायचात (आणि मामींचं लक्ष नसलं की त्याच पात्याने डॉक्टरांनी बंद केलेला केक कापायचात), तो चाकू मला दिलात याहून मोठं मला काही मिळालेलं नाही आणि मिळणारही नाही.

आता तक्रार. चाकू फार मोठा आहे, मामा. म्हणजे चाकू मोठा नाही, तुमचा पंजा मोठा आहे. तो घडी घालून तुमच्या मुठीत गुडूप व्हायचा, माझ्या मुठीतून दोन्हीकडे बाहेर डोकावतो. एप्रनच्या खिशात ठेवला तर एप्रन एका बाजूला ओढला जाऊन मान वाकडी होते. म्हणून पिशवीत ठेवायला लागले आणि तशीच एका बँकेत खुर्च्यांचं माप घ्यायला गेले. दारावरच्या रखवालदाराने पिशवीत हात घातला आणि चाकू बाहेर काढला. काढला तो काढला, वर तो कसा उघडतो हे बघायला सगळ्या रांगेसमोर तिन्ही पाती उघडली. रांग मागे सरकली. एक आजोबा तर खातं बंद करायचा अर्ज परत घेऊन निघून गेले. मी घसा ताणून सांगत होते की मी खुर्च्यांसाठी आले आहे, त्यावर साहेब बाहेर येऊन म्हणाले, खुर्च्यांनी तुमचं काय वाकडं केलंय? शेवटी चाकू त्यांनी तिजोरीच्या खोलीत ठेवला, मी मापं घेतली आणि आनंदाच्या भरात चाकू तिथेच विसरून आले. पुढे जोडून सुट्ट्या होत्या. तेवढे दिवस तुमचा चाकू गावातल्या श्रीमंतांच्या दागिन्यांशेजारी राहिला आणि मी शिवणी दातांनी उसवल्या.

तेव्हा योग्य मापाचा चाकू घ्यायचा असं मी ठरवलं. ह्यांचं मत पडलं की लहान घ्यावा, लहान वस्तूला कोणी घाबरत नाही. (मला बघून हे कसं म्हणवलं देव जाणे.) घेतला. करंगळीएवढा, पाती तीनच्या तीन पण इतकी नाजूक की बघतच राहावं. तेव्हा दुकानात दातांच्या डॉक्टरांची खुर्ची आली होती, पेशंटची, ती मागे रेलणारी. ती मी छान भरली, वरून हिरवं रेक्झिन ताणून बसवलं, खिळ्यांची ओळ अशी सरळ मारली की तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणाला असतात. खुर्ची गेली. आणि लहान चाकू कुठे दिसेना. टेबलाखाली, फोमच्या ढिगात, ह्यांच्या खिशात, सगळीकडे शोधला. तो कुठे होता ते दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या फोनवरून कळलं. पहिल्याच पेशंटबाई खुर्चीत टेकल्या आणि ओरडल्या. डॉक्टर सांगत होते, अहो मी अजून हातही लावलेला नाही. बाई म्हणत होत्या, मग हे काय टोचतंय? दुसरा पेशंट, तिसरा पेशंट, तोच प्रकार. दुखायचं दातात आणि ओरडायचं कमरेतून! डॉक्टर चक्रावले आणि त्यांनी सगळ्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मी धावत गेले, खुर्ची उसवली आणि फोममधून चाकू काढला. बिचाऱ्या डॉक्टरांनी मला एक शब्द बोलू नये? उलट म्हणाले, इतके दिवस पेशंट मला घाबरायचे, आज पहिल्यांदा खुर्चीला घाबरले, बरं वाटलं.

लहान झाला, आता मधला. इथे मात्र मी जी चूक केली ती फक्त आपल्या धंद्यातलं माणूसच करू शकतं. तुम्हीच शिकवलंत ना, की कापड घेताना मापापेक्षा दोन बोटं जास्त घ्यायचं, दाबायला आणि ओढायला लागतं, जास्तीचं कापता येतं पण कमी पडलेलं वाढवता येत नाही. हे माझ्या हाडीमांसी इतकं भिनलं आहे की मी चाकूही दोन बोटं मोठा घेतला. घरी आल्यावर ह्यांनी शांतपणे विचारलं की ही वरची दोन बोटं आता कशाने कापणार? मी चाकू पुन्हा पिशवीत टाकला आणि तशीच माघारी वळले.

चाकूच्या दुकानातले काका एव्हाना मला ओळखायला लागले होते, म्हणजे लांबून बघून सुस्कारा सोडण्याइतपत. या खेपेला त्यांनी काउंटरवर चाकू मांडलेच नाहीत. आधी हात पुढे करा म्हणाले. माझा पंजा उलटा केला, सुलटा केला, मूठ वळायला लावली, अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून पाहिला. मागे एक बाई उभ्या होत्या, त्यांना वाटलं हात बघतायत, त्या आपल्या मुलीच्या लग्नाचं विचारायला लागल्या. काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांचं म्हणणं असं की चाकूचं माप खिशावरून घेणारे फसतात आणि कामावरून घेणारेही फसतात. घडी घातलेला चाकू मुठीत धरला की मूठ भरली पाहिजे पण बोटं तळव्याला टेकली पाहिजेत, आणि जो उघडायला दुसऱ्याला हाक मारावी लागते तो आपला चाकू नव्हे, मग धार कितीही असो. हे ऐकून मी मान डोलावली. (मी वाद घातला नाही हे ह्यांना खरं वाटत नाही. तुम्ही विश्वास ठेवा.) मग त्यांनी खालच्या खणातून एक चाकू काढला, ना लहान ना मोठा, मूठ पोटाशी जाडसर, पाती आखूड. तो मी घेतला. झालं, एवढीच हकिकत.

मामा, हे सगळं लिहिताना सारखं मनात येतं की खुर्चीत चाकू शिवून टाकणाऱ्या बाईला लोक अजून काम देतात ते तुमच्यामुळे. सोफे भरणं हे पोरीचं काम नव्हे असं सगळं घर म्हणत होतं तेव्हा तुम्ही वाद घातला नाहीत, माझ्या हातात नुसती हातोडी दिलीत आणि खिळे तोंडात कसे धरायचे ते दाखवलंत. तोंडात खिळे असल्यामुळे मलाही कोणाला उत्तर देता आलं नाही आणि त्यातच मी काम शिकले. आज माझं घर त्या कामावर उभं आहे. हे तुम्हाला तोंडावर सांगितलं तर तुम्ही ‘पुरे’ म्हणून उठाल, म्हणून लिहिते आहे. कागदाला पुरे म्हणता येत नाही.

मामींना नमस्कार, गुडघ्याला स्वतंत्र नमस्कार. ताईला सांगा, तिच्या पत्रातल्या गोष्टी मी तुमच्या कानावर घातलेल्या नाहीत. बाकी सगळं क्षेम आहे आणि मी वेंधळी आहे तेवढीच आहे.

तुमची,
टाचणी

ता. क. या कागदाची मागची बाजू मुद्दाम कोरी ठेवली आहे. त्यावर उजवा पंजा ठेवा, ताईला कडेने पेन्सिल फिरवायला सांगा आणि कागद परत पाठवा. कशासाठी ते विचारू नका. हातमोजे समजा.

आणखी ता. क. हातमोजे नव्हेत. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त हात बदलला आहे. मला नवा चाकू नकोच होता. तुमच्या चाकूची मूठ थोडी घासून घेतली, वर चामड्याची पट्टी चढवली, तो आता माझ्या हातात मुकाट्याने राहतो. हे सगळे चाकू मी तुमच्यासाठी बघत होते. आखडलेल्या बोटांना हलका बरा म्हणून लहान आणला, तर तो उघडायला नखाची इतकी चिमूट लागते की देवा! मग सुजलेल्या बोटांना भरीव बरा म्हणून मोठा आणला, त्याची स्प्रिंग मलाच हटेना. शेवटी तुमच्यासारखी आखडावीत म्हणून बोटांना चिकटपट्टी गुंडाळून दुकानात गेले आणि तशाच बोटांनी चाकू उघडायला लागले, तेव्हा काकांनी माझा हात तपासला तो त्यापायी. चाकू मामांसाठी हवा आहे म्हणून सांगितल्यावर त्यांनी मधल्याची स्प्रिंग सैल करून दिली. आता तो नखाशिवाय, नुसत्या अंगठ्याने उघडतो. आधी सांगितलं असतं तर ‘मला चाकू कशाला, भाजी चिरायला?’ असं तुमचं पत्र आलं असतं. दातांच्या डॉक्टरांनी बाहेरच्या बसायच्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्याही आपल्याला भरायला दिल्या आहेत. स्प्रिंगा मी ओढीन, खिळे मी मारीन. पण जुनं कापड फाटू न देता उसवणं मला अजून येत नाही, ते सावकाशीचं काम आहे आणि ते तुमचं आहे. तुम्ही नसलात की दुकानात मला करमत नाही, हे खरं कारण.

शेवटचं. तो पंजाचा कागद पाठवू नका. काका म्हणतात, कागदावर माप कळतं, पकड कळत नाही. तेव्हा हातच घेऊन या. सकाळची घाई करायचं कारण नाही. दुपारपर्यंत तुमची बोटं सैल होतात असं ताई म्हणते. आपलं दुकान आता बाराला उघडतं. दारावरची पाटी मी रंगवून घेतली आहे.