दस्त्यावरचा खळगा

बेडफर्ड, पेनसिल्व्हेनिया
१४ ऑक्टोबर १९९६

प्रिय हार्लन,

विल्मरदादाचा आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? मर्टलची साखर आटोक्यात आहे ना? तुमची म्हातारी कुत्री अजून जिन्याखालीच झोपते का? मी बरा आहे, रक्तदाब सोडून. तो तू वाढवलास.

शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जुन्या बंदुकांचं प्रदर्शन होतं. "जरा साफसूफ करून देतो" म्हणून तू उन्हाळ्यात नेलेली आणि पेटीत घालून परत पाठवलेली पणजोबांची ठासणीची बंदूक मी तिथेच, चारचौघांत, पेटीतून काढली. आरशासारखी लखलखत होती. माझ्यासारखाच बंदुका जमवणारा क्लेटस म्हणाला, "विल्मर, तुझे पणजोबा लढाईला गेले होते की लग्नाला?" सगळं टेबल हसलं.

अरे शहाण्या, नळीला तो तपकिरी रंग चढायला एकशे तीस वर्षं लागली. तू तारेच्या घासणीने तो एका दुपारीत उतरवलास. लाकडी दस्त्यावरचा लष्करी तपासनिसाचा शिक्का पॉलिश पेपरने घालवलास, वर व्हार्निश फासलंस. चाळीस वर्षं मी या बंदुका जमवतोय, माझ्या सख्ख्या भावाला एवढंही कळू नये? किंमत निम्मी झाली ते सोड. मी कुठे विकणार होतो.

आणि तो खळगा. चापामागे दस्त्यावर अंगठ्याएवढा खळगा होता. ओलं फडकं ठेवून, इस्त्री फिरवून तू तोही भरून आणलास. लोकांना मी तो लढाईतला म्हणून सांगायचो. खोटं होतं ते. तुझ्या एल्सीवहिनीने केर काढताना बंदूक शेगडीच्या कोपऱ्यावर पाडली होती. पंधरा दिवस मी तिच्याशी बोललो नाही. ती गेल्यापासून रोज सकाळी कॉफी होईपर्यंत मी भिंतीपाशी जाऊन त्या खळग्यात अंगठा ठेवायचो. सात वर्षं झाली. हे तुला कधी सांगितलं नाही, मग तुला कळणार कसं, हेही खरंच.

इथवर काल लिहिलं होतं. आज पेटीच्या कप्प्यात तुझी चिठ्ठी सापडली. "दादा, वहिनी दवाखान्यात असताना मला म्हणाली होती, 'भाऊजी, तेवढा खळगा काढून टाका. तो दिसला की यांना माझा राग येतो.' उशीर झाला, माफ कर."

सात वर्षं हे पोटात ठेवलंस. त्याचाही मला राग आहे. तुझा थोडा, माझा फार.

माझ्या बाकीच्या बंदुकांना हात लावायचा नाही. पण एवढं कळव, हे म्हणताना ती हसत होती की नव्हती? आणि तू तिला काय उत्तर दिलंस? फोन करू नकोस, मला ते कागदावर हवंय. दोन दिवसांत लिही.

तुझा दादा,
विल्मर