भेडाघाटला जाण्यायेण्याच्या सोयी

जबलपूर,
माघ वद्य षष्ठी, शके १८६५

रा. रा. रत्नाकरराव यांच्या सेवेशी,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा मुरलीधर याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात का जोडले ते पुढे कळेल.) इकडे सर्व क्षेम आहे. हे वाक्य पत्राच्या आरंभी लिहायचंच असतं म्हणून लिहिलं. पुढचं वाचताना ते कृपया आठवू नये. तुमचा खोकला कसा आहे? वहिनींची पाठ? होशंगाबादला लढाईमुळे साखर मिळत नाही असं शैलजा म्हणत होती. इथेही मिळत नाही, तेव्हा त्या बाबतीत दोन्ही घरांत एकोपा आहे.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिला, तुमच्या साहेबांचं कुटुंब शिवरात्रीला भेडाघाटला गौरीशंकराच्या दर्शनाला येणार, तर जबलपूरहून तिथवर जायला कोणकोणती वाहनं मिळतात. दुसरा, आमच्याकडे राहायला आलेल्या आईंना परत इटारसीच्या गाडीत कधी बसवता. त्याखाली तुम्ही दोनदा रेघ मारून लिहिलंय की आईंचे गुडघे लक्षात ठेवावे आणि त्यांना एक पाऊलही पायी चालू देऊ नये. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी सविस्तर देतो. दुसऱ्याचं त्यातूनच निघेल.

तुम्हाला ठाऊक आहे, मी फॅक्टरीत तोफगाड्यांची चाकं तपासतो. सुताइतका फरक असला तरी चाक नापास करतो. हजारो चाकं माझ्या हाताखालून लढाईवर गेली. अशा माणसाला सासूबाईंसाठी दोन बरी चाकं मिळू नयेत, हे ऐकून माझ्या खात्यातले लोक तोंडावर रुमाल धरून हसतात. पण वस्तुस्थिती सांगतो.

पहिलं वाहन टांगा. जबलपूरचे चांगले घोडे सध्या गोऱ्या सोल्जरांना फिरवण्यात गुंतले आहेत. तरी महिन्यापूर्वीच्या सुट्टीला (सुट्टी म्हणजे काय हे आम्ही विसरत चाललो आहोत) आईंना भेडाघाटचं दर्शन घडवायला मी गढ्याहून एक टांगेवाला ठरवून दारात उभा केला. आई फराळाचा डबा घेऊन बाहेर आल्या, घोड्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, “काहून हो जावईबापू, हा मागच्या पायानं लंगडून राहिला ना?” टांगेवाला म्हणाला, “माँजी, घोड़ा तो खड़ा है, लंगड़ाएगा कैसे?” यावर आईंनी त्याला घोड्याचे चारही खूर उचलून दाखवायला लावले. तेवढ्यात माझी नजर डाव्या चाकावर गेली. एक आरा किंचित हलत होता. तोंडातून सवयीनं “नापास” निघून गेलं. आईंनी लगेच मान डोलावली. लग्नाला अकरा वर्षं झाली, माझ्या मताला त्यांनी दुजोरा दिला तो तेवढाच. टांगेवाला माझ्या नावानं शंख करत निघून गेला. फराळ आम्ही ओसरीवर बसून खाल्ला.

दुसरं वाहन मोटार. ही ओमतीच्या अड्ड्यावरून सुटते, म्हणजे सुटेल अशी आशा असते. पेट्रोल लढाईला गेल्यामुळे मोटारीच्या पाठीला एक भला मोठा बंब बसवला आहे. त्यात लोणारी कोळसा पेटवतात आणि त्याच्या धुरावर मोटार चालते. (आधी उतारूंचे डोळे पाणावतात, मग मोटार हलते.) साहेबांच्या कुटुंबाला सांगा, पांढरे कपडे घालू नयेत. आम्ही आठला जाऊन बसलो. साडेनऊपर्यंत ड्रायव्हर बंब फुंकत होता. आईंच्याने बघवेना. खाली उतरून त्यांनी त्याच्या हातातला चिमटा घेतला आणि म्हणाल्या, “हटो भैया, आमचा जनम बंब पेटवण्यात गेला.” सगळी मोटार कौतुकानं मागे वळून बघत होती. आईंनी कोळसे खालचे वर केले, वरचे खाली केले, राख सारखी केली आणि पाच मिनिटांत बंब असा विझला की पुन्हा म्हणून पेटला नाही. बिचाऱ्यांना फार वाईट वाटलेलं दिसलं. मीच त्यांची समजूत घातली.

तिसरं वाहन आगगाडी. परवाच्या रविवारी आम्ही तिनं गेलो आणि मीरगंजला पोचलोही, हे नमूद करतो. मधे लष्कराच्या तीन गाड्या आमच्या पुढून गेल्या. आमची गाडी त्यांना वाट देत अशी अदबीनं उभी राहिली की एका आजोबांनी खाली उतरून स्नान उरकलं. मीरगंजहून घाट तीन मैल. स्टेशनबाहेर छकडा उभा होता, गाडीवान तयार होता, मी तर आत गवतावर घोंगडीसुद्धा पसरली. आईंनी बैलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हे तर वासरू आहे. याच्या खांद्यावर बसून देवाला जाऊ काय?” गाडीवानानं शपथा घेतल्या. उपयोग झाला नाही. रत्नाकरराव, ते तीन मैल आई पायी चालल्या. तुमच्या दोन रेघा माझ्या डोळ्यांपुढे होत्या, पण आई त्याहून बऱ्याच पुढे होत्या.

गौरीशंकराच्या पायऱ्या शंभराच्या वर आहेत. आईंच्या वर पोचून, दर्शन घेऊन, चौसष्ट योगिनींतल्या निम्म्या मूर्ती मोजून झाल्या, तेव्हा मी वर पोचलो. खाली घाटावर आलो तर एक पंडाजी बसले होते आणि त्यांच्यापुढे सिहोऱ्याकडच्या पाचसहा बाया, प्रत्येकीजवळ काठी नि झोळी. आई त्यांच्यात जाऊन बसल्या. पंडाजींनी मला विचारलं, “संकल्प करवा दें, बाबूजी?” मला वाटलं नारळफुलाचं काहीतरी असेल. दम लागलेला, पाय सुजलेले. मी म्हटलं, “हाँ हाँ, करवा दीजिए.” रत्नाकरराव, माझ्या आयुष्यातला सगळ्यात महागात पडलेला होकार तो हाच. (लग्नातला नव्हे. पत्र शैलजा वाचणार आहे.) संकल्प बराच वेळ चालला, त्यात आईंचं ‘सत्यभामा’ हे नाव दोनदा आलं. नंतर आईंच्या हातात नर्मदाजलाची एक कुपी आणि एक काठी होती.

त्या म्हणाल्या, आता परत कशाला वाहन शोधता, नदीकाठानं पायीच जाऊ. खरं सांगतो, मला आनंद झाला. काठाकाठानं गेलं की लमेटाघाट, तिलवाराघाट, मग ग्वारीघाट, आणि तिथून डाव्या हाताला वळलं की शहर. तेरा मैल. आई आणि त्या बाया भजन म्हणत पुढे, मी फॅक्टरीचे बूट हातात घेऊन मागे. ग्वारीघाटला पोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. मी डाव्या हाताला वळलो. आई वळल्या नाहीत.

मी हाक मारली. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “तुमचं घर डाव्या हाताला, मैया माझ्या उजव्या हाताला. मी सरळ चालली.” मग सिहोऱ्याच्या एका बाईनं मला समजावून सांगितलं. परिक्रमा. नर्मदामैया कायम उजव्या हाताला ठेवायची, तिला ओलांडायचं नाही, वाहनात बसायचं नाही. तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. मी त्या वाळूत मट्‌कन बसलो. मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही. पाय दुखत होते हे एक कारण होतंच, पण तुम्हाला काय तोंड दाखवू हे मोठं होतं.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं. आई इटारसीच्या गाडीनं येत नाहीत, परंतु येतात. त्या या काठानं अमरकंटकपर्यंत चढतील, तिथे वळसा घालतील आणि दक्षिण तटानं उतरत येतील. होशंगाबाद दक्षिण तटावरच आहे. जो प्रवास गाडीनं एका दिवसात होतो तो चातुर्मास वगैरे धरून त्या दीड-दोन वर्षांत करतील. उशिराबद्दल क्षमा असावी.

वहिनींना नमस्कार, मुलांच्या पाठीवरून हात फिरवावा. खोकल्याला ज्येष्ठमध.

आपला (अजून आपला समजत असाल तर),
मुरलीधर

ता. क. : आई दशमीपर्यंत ग्वारीघाटच्या धर्मशाळेत आहेत. पत्र मिळताच रजा काढून या आणि त्यांना घरी न्या. खरं म्हणजे एवढं लिहायलाच पत्र घेतलं होतं. मी काल गेलो होतो समजूत घालायला, तर त्यांनी माझ्याकडून सहाही बायांचं सरपण फोडून घेतलं आणि परत पाठवलं. वर वाहनांचं जे लिहिलंय त्यानं बिचकू नका. ग्वारीघाटला छोट्या लाइनची गाडी जाते, टांगेही हवे तितके मिळतात.

ता. क. २ : पत्र टाकण्याआधी आईंना दाखवायला शैलजा धर्मशाळेत नेते आहे. तीही चार शब्द सांगेल आणि आई ऐकतील अशी मला आशा होती, पण आत्ता पाहिलं तर ती ट्रंकेतून आपली लोकरीची शाल काढून त्यांच्यासाठी बांधते आहे.

चि. रत्नाकर यास आईचे आशीर्वाद. जावईबापूंचं पत्र वाचलं. माणूस भोळा आहे, त्यांना बोल लावू नकोस. टांगा चांगला होता. घोडा त्याहून चांगला होता. बंब मीच विझवला. चाळीस वर्षं बंब पेटवणाऱ्या बाईला एक विझवता येणार नाही काय? बैल चांगला चार दाती, जुंपण्याजोगा होता. वाहनात बसून घाटापर्यंत गेले असते तर त्याच वाहनात बसवून परत आणलं असतं तुम्ही मला.

तुझे वडील म्हणत, पेन्शन झाली की दोघं परिक्रमेला जाऊ. पेन्शन झाली त्याच वर्षी ते गेले. तुला मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तू गुडघ्यांना लावायचं तेल आणून दिलंस. अरे, गुडघे तुझ्या ओसरीवर बसून बसून दुखत होते. परवाच्या तेरा मैलांत जावईबापूंचे दुखले, माझे नाही. ते तेल त्यांना पाठव.

तू येऊ नकोस, मीच येते. तुझ्या घाटावर दोन दिवस थांबीन. मला भेटायला सगळ्यांना घेऊन ये, पण टांगा आणू नकोस.