आतली कडी

ढाणकी, ता. उमरखेड
२२ जुलै २०२४

ती. इंदूताईस,
धाकट्या भगवानचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कानाचं मशीन पुन्हा शिट्ट्या मारून राह्यलं असं अक्षयनं कळवलं. म्हणजे फोनवर आपण दोघांनी एकमेकांवर ओरडण्यात अर्थ नाही. आणि त्याच्या मोबाईलवर काही लिहिलं की ते तुझ्याआधी तुझ्या सुनेला कळतं. म्हणून हे पोस्टाचं पाकीट. हसू नकोस.

इकडे सर्व ठीक आहे असंच लिहिणार होतो, पण तू ओळीच्या मागचं वाचतेस. पंचफुलाचं विसरणं आता चष्म्यापुरतं राहिलेलं नाही. परवा दुपारी ती मधल्या खोलीत लुगडं बदलायला गेली, आतून कडी लावली आणि काढायची कशी तेच विसरली. मी बाहेरून सांगत होतो की हात वर ने, लोखंडी दांडी लागेल, ती बाजूला सरकव. ती म्हणे, इथं दांडी नाही न काही नाही, अन् तुम्ही कोण व्हा. मी म्हटलं, मी भगवान. त्यावर ती रडायलाच लागली. दार पावसानं फुगलेलं, खांद्यानं हलेना. शेवटी पहार आणून मधली फळी फोडली, भोकातून हात घातला आणि कडी सरकवली.

ताई, तो हात पाहून ती जी किंचाळली ते अजून माझ्या कानात आहे. मी आत गेलो तर ती कपाटामागे अंग चोरून बसली होती. चाळीसेक वर्षांच्या संसारात ती मला कधी भ्यायली नव्हती. उलट मीच तिला भ्यायचो हे तुला माहीत आहे.

दार आता मी स्वतःच दुरुस्त करणार आहे. उकंडा सुताराला बोलावलं तर तो फळी का फुटली ते विचारणार आणि संध्याकाळपर्यंत बाजारात सगळ्यांना कळणार. लोक तिला पाहायला येतील, ते मला नको आहे. लेकीनं, निकितानं, नागपूरहून दार दुरुस्तीचे व्हिडिओ पाठवले आहेत. त्यातला माणूस पांढऱ्या सदऱ्यात काम करतो आणि सदरा मळत नाही. मी उमरखेडहून रंधा, पटाशी आणि एक फळी आणली आहे. भाऊजींची आरा मशीन तू इतकी वर्षं सांभाळलीस, तेव्हा फुगलेल्या दाराचं काय करायचं ते लवकर लिही.

माझ्यावरचा जीव आहे तसाच राहू दे.
तुझा,
भगवान

*

कळंब
३० जुलै २०२४

चि. भगवान यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. सुनेनं विचारलं काय झालं, तर मी म्हटलं भगवानचं दार फुगलं. ती म्हणे, मामांच्या दाराचं एवढं काय मनावर घेता. तिला काय सांगू?

आधी दाराचं. पावसाळ्यात रंध्याला हात लावू नकोस. लाकूड पाणी पिऊन फुगलेलं असतं, हिवाळ्यात ते आपोआप आकसतं. आत्ता घासशील तर डिसेंबरात त्या फटीतून मांजर जाईल. आधी बिजागरीचे स्क्रू बघ. भोकं मोठी झाली असतील तर काडेपेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोक आणि मग स्क्रू आवळ. दार निम्मं तिथंच वर येतं. जिथं घासतं तिथं मेणबत्ती फिरव. तुझे भाऊजी गिऱ्हाइकाला हेच सांगायचे आणि म्हणूनच आमचा धंदा बेताचा चालला. आणि आतली कडी काढून टाक, म्हणजे पुन्हा पहार नको.

आता दुसरं. भोकातून हात घातलास तेव्हा तुला लागलं का, ते तू लिहिलं नाहीस. आणि ती तुला ओळखते का, तेही लिहिलं नाहीस. मी बहिरी आहे, आंधळी नाही.

उकंडाला बोलाव. लोक येतील, बसतील, चहा पितील आणि जातील. लाज वाटण्यासारखं यात काही नाही.

पंचफुलाच्या डोक्यावरून माझा हात फिरव. तुझ्यावर माया आहेच, रागही आहे.
तुझी,
ताई

*

ढाणकी
१८ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येईस्तोवर मी रंधा चालवून मोकळा झालो होतो. तेव्हा मांजराची सोय झाली आहे असं समज. कडी मात्र तुझ्या सांगण्याप्रमाणे काढली, भोकांत लांबीची पुट्टी भरली, घासून गुळगुळीत केली. नवी फळी बसवली आणि जोड दिसू नये म्हणून भोवती नक्षीची लाकडी पट्टी मारली. पट्टीचे कोपरे तिरके कापून जुळवायचे असतात. व्हिडिओत ते नमस्काराच्या हातांसारखे जुळतात, माझे चारही कोपरे एकमेकांशी भांडून बसले आहेत. त्यात लांबी भरली. जुना हिरवा रंग खरवडून निकिताच्या आवडीचा कॉफी रंग दिला. पोस्टमन म्हणाला की बापूसाहेब, नवीन दार आणलं वाटते. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण ज्या बाईसाठी हे केलं तिला ते दार ओळखूच येत नाही. ती खोलीशी जाते, हात लावते आणि परत येते. म्हणे, हे कोणाचं घर होय, चला आपण घरी जाऊ. मी म्हणतो हेच घर. ती मान हलवते, जसं आपण खोटं बोलणाऱ्या पोराला हलवतो.

आत गेलीच तर कडी शोधते. जिथं लांबी भरली तिथं नखांनी उकरत बसते. नखं तुटली आहेत. कडी सापडली नाही की दाराला पाठ लावून खाली बसते, कोणी आत येऊ नये म्हणून. जेवायला उठत नाही. मी ताट घेऊन बाहेर उभा राहतो. ढकललं तर ती पडेल, न ढकललं तर ती उपाशी. परवा तिनं शेजारच्या सलोनीला सांगितलं की घरात एक म्हातारा फिरून राह्यला, त्याचा हात दारातून येते. सलोनी शहाणी, तिनं मला ते हळूच सांगितलं आणि विषय बदलला.

तू विचारलं होतंस ना, ओळखते का म्हणून. सकाळी चहाच्या वेळेला ओळखते. तेव्हा साखर कमी झाली म्हणून रागावते, तेवढा वेळ माझा चांगला जातो. दुपारनंतर मी तो म्हातारा असतो. ताई, मी सोयाबीनवरची अळी आवरली, मोटार पंप उघडून जोडला, हे दारही एकदा तरी उभं केलं. यात मात्र काय आवळायचं आणि काय सैल करायचं ते मला कळत नाही. काहीच कळत नाही.

हात बरा आहे. खरचटलं होतं.

रागावलीस तरी विसरू नकोस एवढंच मागणं.
तुझा,
भगवान

*

कळंब
२९ सप्टेंबर २०२४

चि. भगवान यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कडी काढ असं मीच लिहिलं होतं. मी लाकडाचा विचार केला, तिचा केला नाही. बाईमाणसाला आतून कडी लावता येणं म्हणजे काय असतं ते तुझ्या ध्यानात आलं नाही तर नवल नाही, पण माझ्या यायला हवं होतं. दोन दिवस मन लागलं नाही. चिंतामणीच्या देवळात जाऊन बसले, तिथंही तिची नखंच दिसत होती.

आता नीट वाच. कडी पुन्हा बसव. तीच जुनी, तिच्या हाताला ओळखीची. पण चौकटीवरचा कोयंडा बसवू नकोस. कडी सरकली पाहिजे, खळकन वाजली पाहिजे, पण अडकायला पलीकडे काही नको. तिला वाटेल दार लागलं आणि तुला पहार लागणार नाही. आणि तो कॉफी रंग घालव. हिरवा दे, जुन्याहून जुना दिसेल असा. निकिताला वाईट वाटलं तर माझं नाव सांग.

दुसरं एक सुचतं. तुझ्या लग्नात बाहेरचं दार आत्यांनी अडवलं म्हणून मला मधल्या खोलीचं मिळालं होतं. हेच दार. मी दोन्ही हात चौकटीला लावून उभी, नाव घेतल्याशिवाय सोडत नव्हते. तू घाबरून तिचं नावच विसरलास. फुला की रत्नफुला करत राहिलास आणि सगळा मांडव हसला. तेव्हा तिनंच पदराआडून तुला हळूच सांगितलं, पंचफुला. मग तिनं स्वतः कसं ठणठणीत नाव घेतलं होतं, आठवतं? पऱ्हाटीच्या कापसाची वळली वात, भगवानरावांचं नाव घेते, सोडा मले आत. त्यानंतर तुझं नाव तिनं कधी तोंडातून काढलं नाही. तू तिच्यासाठी कायम हे आणि ते. मग बंद दाराबाहेरून तू मी भगवान, मी भगवान ओरडलास तर तिला कसं कळावं?

म्हणून दार ढकलता येतं म्हणून ढकलू नकोस. बाहेर उभा राहा आणि नाव घे. तेव्हा तू विसरला होतास, तिनं सांगितलं. आता तू सांग. उपयोग होईल की नाही देव जाणे. माझ्याजवळ दुसरं काही नाही.

दिवाळीनंतर मी येते. अक्षय सोडून देईल. तोवर दोघांना माझ्या पोटाशी धरते.
तुझी,
ताई

*

ढाणकी
१२ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्यानं दिवाळीनंतरचं येणं हुकवलं, पण पाय धड करूनच ये. घाई नको.

तू सांगितलं तसं सगळं केलं. हिरवा रंग दिला, वर थोडा काजळीचा हात फिरवला. कडी जुन्या जागी बसवली. लांबी उकरायला फार जोर लागला नाही, अर्धी तिनंच काढून ठेवली होती. पहिल्या दिवशी तिनं कडी पाहिली आणि तिच्यावरून असा हात फिरवला जसा आपण लेकराच्या केसांवरून फिरवतो. आत गेली, कडी खळकन सरकवली आणि जवळजवळ संध्याकाळपर्यंत झोपली. मीही ओट्यावर बसल्याबसल्या झोपलो.

पण एक गोष्ट तुझ्याही लक्षात आली नव्हती. ती कडी लावल्यावर दार ओढून पाहते. कोयंडा नसल्यामुळे ते सरळ उघडतं. एकदा तसं उघडलं आणि समोर मी. पुन्हा ते कपाट आणि पुन्हा ते किंचाळणं. तेव्हापासून ती आत निघाली की मी बाहेर जाऊन उभा राहतो. कडी वाजली की दाराची बाहेरची मूठ दोन्ही हातांनी धरतो आणि पाय उंबरठ्याला लावतो. ती आतून ओढते, मी बाहेरून ओढून धरतो. हातात अजून जोर आहे तिच्या, दळण दळलेले हात. दार हललं नाही की तिची खात्री पटते, आणि पाटावर बसल्याचा आवाज आला की मी मूठ सोडतो. ताई, मला आत यायचं असतं, आणि मीच येऊ नये म्हणून मीच दार धरून उभा असतो. हे कोणाला सांगावं? तुलाच सांगतो.

थंडी पडली आणि तू म्हणाली होतीस तशी फट पडली. मांजर नाही, पण बोट जातं. त्या फटीतून तिच्या लुगड्याचा काठ दिसतो. तेवढ्यावर मी दुपार काढतो.

काल मन घट्ट करून नाव घेतलं. तू हसशील म्हणून लिहिणार नव्हतो. दार घासता घासता दुखला माझा हात, पंचफुलाचं नाव घेतो, येऊ दे मले आत. मग, खोटं वाटेल तुला, आतून तिनं नाव घेतलं. वात, आत, सगळं जसंच्या तसं, मांडवात घेतलं होतं तसं ठणठणीत. भगवानराव असं स्पष्ट म्हणाली. किती वर्षांनी ऐकलं मी. कडी सरकली, दार उघडलं, आणि ती डोक्यावर पदर घेऊन हसत उभी होती.

मला म्हणाली, या, बसा. ते वावरात गेले, येतीलच आता. पाट पुढं केला आणि पाणी आणून दिलं. मी बसलो. माझ्या खोलीत पाहुण्यासारखा बसलो आणि पाणी प्यायलो. तीही समोर बसली. बोलायला कोणी मिळाल्यासारखी बोलत राहिली, तुरीचं, थंडीचं, निकिताच्या लहानपणचं. मी हूं हूं करत होतो. माझे हात मी धोतराखाली दाबून ठेवले होते, तिच्या नजरेला पडू नयेत म्हणून.

मग ती जवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली की तुम्ही भले माणूस दिसता म्हणून सांगते. या घरात एक जण येते, त्याचा हात दारातून आत येते, मले लय भेव वाटते. ते वावरातून आले की त्यायले तेवढं सांगा, म्हणावं या दाराले एक मजबूत कडी बसवून द्या. त्यायच्या हाताले सारं येते, ते बसवून देतील.

मी म्हटलं, सांगतो.

ताई, तुझी माया इकडे लावून ठेव, माझी आता कमी पडून राह्यली.
तुझा,
भगवान