टाकीपासून काचघरापर्यंतची नळी

११ ऑक्टोबर

व्हर्जिल टेश भाजला. आमच्याच मागच्या अंगणात, आमचंच कुंपण घालताना.

मी ओट्यापाशी होते. बाहेर खांबांसाठी खड्डे पाडायच्या मशीनची घरघर चालली होती. ती थांबली, मोठ्ठा फुस्स आवाज झाला आणि खिडकीची काच पिवळी झाली. धावत गेले तर व्हर्जिल गवतावर लोळत होता, जॅकेटच्या बाह्या जळत होत्या. माझ्या नवऱ्याने, मर्लने, त्याच्यावर घोंगडी टाकली. मी घराला गॅस पुरवणाऱ्या अंगणातल्या टाकीकडे पळाले आणि तिचा वाल्व बंद केला. ज्वाळा विझली.

वाल्व फिरवतानाच मला आठवलं. ही नळी इथे आहे हे मला माहीत होतं!

हे घर आम्हाला विकलं त्या लिंडक्विस्टबाईंनी किल्ल्या देताना सांगितलं होतं, टाकीपासून गवताखालून गॅसची एक नळी त्यांच्या काचघराला जाते, रोपं उबेत ठेवायला. काचघर आम्ही पाडलं. नळी राहिली.

आणि आज सकाळी व्हर्जिलने मला विचारलं होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "डोरीन, मागे जमिनीत काही पुरलेलं आहे का? जमिनीखालच्या तारांवर झेंड्या लावणारे कंपनीचे लोक येऊन गेले, पण ते फक्त रस्त्यावरून येणाऱ्या तारा दाखवतात. तुमच्या आवारातलं तुमचं तुम्हीच सांगायचं."

माझा फोन चालू होता. बहीण तिच्या गुडघ्याचं सांगत होती. मी फोनवर हात ठेवला आणि म्हटलं, "काही नाही. खुशाल खण."

१२ ऑक्टोबर

व्हर्जिलला मिनियापोलिसच्या इस्पितळात नेलंय. दोन्ही हात, हनुवटी, मान. डोळे वाचले.

कालच गाडीत मर्लला सांगितलं— व्हर्जिलने मला विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं.  मर्ल म्हणाला, "हे कुणाला सांगू नकोस."

१६ ऑक्टोबर

विमा कंपनीच्या माणसाचा फोन. आवाज अगदी मऊ. त्याने नीट समजावलं: खणणाऱ्याने विचारलं असेल आणि घरमालकाला माहीत असूनही त्याने सांगितलं नसेल, तर भरपाईचा भार घरमालकावर. विचारलंच नसेल तर खणणाऱ्यावर.

"तर मिसेस क्वाम, मिस्टर टेशनी तुम्हाला विचारलं होतं का?"

मी म्हटलं, मला आठवत नाही. "जरा आठवून बघा," तो म्हणाला. मी म्हटलं, "नाही. विचारलं नाही."

"ठीक आहे. तुमच्या मिस्टरांचंही हेच म्हणणं आहे."

मर्लशी त्याचं आधीच बोलणं झालं होतं तर. मर्ल अंगणात जाऊन बोलला होता, मी ऐकलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं. मी न सांगता माझ्या पाठीशी उभा राहिला. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

१९ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये पाद्रीबुवांनी व्हर्जिलसाठी प्रार्थना केली. पुढे म्हणाले, "आणि मर्ल-डोरीनसाठीही, ज्यांना हे डोळ्यांनी पाहावं लागलं." मागच्या बाकावरून कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी वळून बघितलं नाही. कॉफीला न थांबता गाडीत जाऊन बसले.

२२ ऑक्टोबर

कुंपणाचे खांब गवतावर तसेच पडलेत.

२५ ऑक्टोबर

व्हर्जिलला घरी आणलंय कळलं. हॉटडिश केली, खिमा-भाजी ओव्हनमध्ये शिजवून, वर बटाट्याचा थर लावून, आणि घेऊन गेले. जायला नको होतं. न जाणंही जमलं नसतं.

त्याच्या बायकोने, लवॉनने, दार उघडलं आणि मला घट्ट मिठी मारली. डिश माझ्या हातातच. म्हणाली, तुम्ही दोघं नसता तर माझा माणूस जिवंत आला नसता. व्हर्जिल आत झोपला होता.

मग कॉफी ओतता ओतता सांगत राहिली. विमा कंपनी हात वर करतेय, न विचारता खणलं म्हणून. त्याचं खणकामाचं लायसन्स जाईल बहुतेक. "तो म्हणतो, विचारलं होतं. हजार वेळा म्हणतो. पण औषधांनी त्याचं डोकं ठिकाणावर नाही गं. काल शेवटी मीच म्हटलं, व्हर्जिल, विसरला असशील, होतं माणसाचं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलला नाहीये."

मी कॉफी प्यायले. दुसरा कपसुद्धा घेतला.

२६ ऑक्टोबर

मर्लला म्हटलं, मी खरं सांगणार. तो चिडला नाही, उलट खुर्ची ओढून समोर बसला. म्हणाला, टाकी दिसत होती, मग व्हर्जिलने तिच्या आसपास फावड्याने हलक्या हाताने उकरून बघायला हवं होतं. नियमच आहे तसा. चूक त्याचीही आहे. आणि आपण कबूल केलं तर हे घर राहील का?

चूक त्याचीही आहे. हे वाक्य धरून मी दिवस काढला. भांडी घासताना मनात तेच, कपडे वाळत घालताना तेच. संध्याकाळपर्यंत त्यात काही उरलं नाही. फावडं त्याने घेतलं असतंच, मी "काही नाही" म्हटलं नसतं तर.

३० ऑक्टोबर

मर्ल गावात गेला होता. मी विमावाल्याला फोन लावला. सांगितलं— त्याने विचारलं होतं. मला माहीत होतं. मी लक्ष दिलं नाही, आणि नंतर तुमच्याशी खोटं बोलले.

तो ओरडेल वाटलं होतं. त्याने फक्त लेखी पाठवायला सांगितलं. मग विचारलं, तुमचे मिस्टरही जबाब बदलणार का? मी म्हटलं, ते तर त्या सकाळी दाराशी नव्हतेच, मला सांभाळायला तसं म्हणाले.

पत्र लिहून टाकून आले. मर्लला सांगितलं. तो उठून शेडमध्ये गेला.

१ नोव्हेंबर

व्हर्जिलकडे गेले. तो टेबलाशी बसला होता, दोन्ही हात बँडेजमध्ये, कोपरांपर्यंत. लवॉन त्याला चमच्याने सूप भरवत होती. बसायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं, नाहीतर सांगता आलं नसतं.

लवॉनने चमचा खाली ठेवला. "मी त्याला खोटं पाडलं, डोरीन. माझ्या नवऱ्याला. या टेबलावर बसून. आणि तू माझ्या हातची कॉफी पीत होतीस."

मी माफी मागितली. माफी हा शब्द त्या खोलीत किती लहान वाटला.

व्हर्जिल माझ्याकडे बघत नव्हता, बायकोकडे बघत होता. मग म्हणाला, "सूप निवतंय, लवॉन." तिने चमचा उचलला, पण सूप त्याच्या छातीवर सांडलं. तिने पुसलं आणि तिथेच त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. माझी मीच बाहेर आले.

मर्लने काय झालं विचारलं नाही.

४ नोव्हेंबर

व्हर्जिलचा फोन आला. लवॉनने त्याच्या कानाला धरला असेल. पत्राबद्दल म्हणाला, बरं केलंस. मग विचारलं, "आणि मर्ल?"

मी म्हटलं, मर्ल त्या सकाळी नव्हता ना.

"आदल्या संध्याकाळी मी त्याला फोन केला होता. लिंडक्विस्टबाईंच्या काचघराची नळी, मला जुनी माहीत होती ती, अजून चालू आहे का, असं स्पष्टच विचारलं. तो म्हणाला, ती कधीच तोडली. मला त्याचा आवाज पटला नाही, म्हणून सकाळी, त्याचं नाव न घेता, तुलाही विचारलं. विमावाल्यांना हे सांगितलं होतं मी. तुम्ही दोघंही नाही म्हटल्यावर माझं कोण ऐकणार?"

मर्ल शेडमध्ये आहे. इतके दिवस मी समजत होते, तो माझं खोटं झाकतोय.