माझ्या मापाचा दस्ता

१४ सप्टेंबर २०२५, रविवार
निर्णय झाला. रायफलचा दस्ता बदलायचा. दोष माझ्यात नाही, लाकडात आहे. आज पन्नास मीटरवर पालथं पडून दहा गोळ्या मारल्या. निशाण्याच्या कार्डावर अशा पसरल्या, जशी अंगणात तूर सांडावी.

ही पॉइंट टू टू रायफल कागदोपत्री क्लबची असली, तरी ती माझी आहे हे सगळ्या वर्ध्याला ठाऊक आहे. साठीवरच्या महिलांच्या गटात जिल्ह्यातून एकच जागा असते. गेली चार वर्षं झोनल स्पर्धेसाठी नागपूरला मीच जाते. बिनविरोध जाते, हे खरं. पण विरोध करायची कोणाची छाती झाली नाही, हेही खरं.

आता ऑगस्टपासून आंजीच्या सुलोचनाबाई आल्या आहेत. घरी सोयाबीनचा व्यापार, स्वतःचा ट्रॅक्टर, विजेच्या खांबाएवढी उंची आणि नेम धरताना तोंडात वेलची. आज त्यांच्या गोळ्या माझ्यापेक्षा जवळजवळ लागल्या. नव्या माणसाला देव दोन दिवस हात देतो. म्हणाल्या, मले काय समजते ताई त्यातलं, मी तं शेतात डुकरं हाकलाले फटाके फोडत होती, त्याहून हे सोपं आहे.

सोपं! मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये असताना एनसीसीत मेडल मिळवलं आहे. तेव्हा ही बाई कोणत्या बांधावर होती?

१७ सप्टेंबर, बुधवार
देवळीला हेमराज सुताराकडे जाऊन आले. रायफल क्लबच्या कोठीतून बाहेर निघत नाही, म्हणून जुना दस्ता तेवढा नमुन्याला नेला. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, आजी, नातवाची बॅट काय? मी त्याला तिकिटाचे सुटे पैसे दिले नाहीत.

हेमराजनं टेप काढून माझ्या कोपराकडे हात नेला. मी त्याला तिथंच थांबवलं. सर्विस बुकाच्या पहिल्या पानावर माझी उंची लिहिली आहे. पाच फूट चार इंच. खाली साहेबाची सही आणि शिक्का. चौतीस वर्षं ट्रेझरीत मी कागदावर असेल तेच खरं धरलं, कोणाच्या टेपवर कधी बिल पास केलं नाही. पाच फूट चारला दस्ता किती लांब लागतो ते नेटवर पाहून ठेवलं होतं, तो आकडा दिला. लाकूड सागाचं, पॉलिशसकट, माझ्या खर्चानं. हेमराज म्हणाला, बाई, एकदा मोजू तं द्या. मी म्हटलं, मोजलेलं आहे.

रात्री जेवताना केशव म्हणाला, जॉइन झालीस तेव्हा तू टाचांच्या चपला घालायचीस. नवऱ्याला नको तेच लक्षात राहतं. तो त्या दिवशी माझ्या ऑफिसात नव्हता.

२८ सप्टेंबर, रविवार
दस्ता बसला. काय दिसतो! मधासारखा रंग, हाताला लोण्यासारखा. प्रफुलनं, म्हणजे आमच्या रेंजच्या इन्स्ट्रक्टरनं, दोन स्क्रू आवळले आणि तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. हे त्याचं विचार करणं.

गोळ्या पुन्हा पसरल्या. नवीन लाकडाला रुळायला वेळ लागतो.

प्रफुल म्हणाला, मॅडम, हे लंबं होऊन राह्यलं तुम्हाले. डोळा साइटपर्यंत पोचत नाई, मान बदकावानी ताणून राह्यल्या तुम्ही. एक इंच कापून टाकू. मी विचारलं, कोणाचा? तो म्हणाला, दस्त्याचा. मग म्हणाला, तुमचा काऊन कापू?

हसले सगळे. सुलोचनाबाई तर वेलचीसकट हसल्या. मी सांगितलं, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट आम्हाला रोज सकाळी भिंतीला पाठ टेकवून उभं करायच्या. माझ्या पाठीबद्दल मला कोणी शिकवायचं नाही.

कापायचं नाही म्हणजे नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार
यंदा दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी. क्लबपुढे पेच. शेवटी ठरलं, फायरिंग बंद, शस्त्रपूजा चालू. केशव म्हणाला, सेवाग्राम इथून हाकेच्या अंतरावर, आणि तुम्ही आजच्या दिवशी बंदुकीला ओवाळता. मी म्हटलं, म्हणूनच तर हळू आवाजात आरती केली.

सगळ्यांत ज्येष्ठ म्हणून पूजा मी केली. केली म्हणजे नीट केली. हळद, कुंकू, मूठभर अक्षता, झेंडूचा हार. प्रफुल मागून कुरकुरत होता, मॅडम, नळीपाशी नका टाकू, लाकडावर टाका. पूजेत टोकणाऱ्यांचं मी ऐकत नाही. सुलोचनाबाईंनी त्यांच्या रायफलला नुसतं कुंकवाचं बोट लावलं. भक्ती नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
आधीपेक्षा वाईट. कारणं खालीलप्रमाणे. गोळ्यांचा लॉट जुना. वारा उलटा. शेजारच्या मॅटवरून वेलचीचा वास.

आजपासून चहा बंद. रोज पहाटे प्राणायाम. श्वास स्थिर तर नळी स्थिर.

७ ऑक्टोबर, मंगळवार
चहा सुरू केला. चहा सोडल्यानं हात कापतात.

१२ ऑक्टोबर, रविवार
सापडलं! मी पहिल्यापासून सांगत होते.

नळीचा लाकडाला स्पर्श होता कामा नये, असा नियम आहे. नळी आणि दस्ता यांच्या फटीतून नोट सरकवून बघतात. आज प्रफुलनं दहाची नोट सरकवली, ती मध्येच अडकली. स्क्रू काढले तर आत अक्षता. कुंकवानं लाल झालेल्या, तेलात फुगलेल्या, घट्ट बसलेल्या. प्रफुलनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. अक्षता कोणी घातल्या हा प्रश्न गौण आहे, पूजा सगळ्यांची असते.

साफ करून पुन्हा मारल्या. तीन गोळ्या एकमेकींना चिकटून! उरलेल्या सातांबद्दल लिहायला इथे जागा नाही.

प्रफुल पुन्हा म्हणाला, आता एक इंच कापू, मंग पाहा. या माणसाला एवढं एकच वाक्य येतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज
चिवड्याचा डबा वरच्या फळीवर. हात पुरेना. स्टूल आणलं. पंधरा वर्षांपूर्वी त्या हेमराजनंच ठोकलेल्या फळ्या. तेव्हा हात पुरायचा. साग जुना झाला की वर सरकत असावा, कोणाला तरी विचारलं पाहिजे.

केशवनं मागून येऊन डबा काढून दिला. एक शब्द बोलला नाही. न बोलणं हाही उद्धटपणाच.

२ नोव्हेंबर, रविवार
आज खडसावून सांगितलं की रायफलमध्येच खोट आहे, पुढच्या रविवारच्या सिलेक्शनआधी तपासा. प्रफुल म्हणाला, तपासू. आणि रायफल सरळ सुलोचनाबाईंच्या हातात दिली.

बाई पालथ्या पडल्या. दस्ता खांद्यात गेला, गाल लाकडावर टेकला, मान कुठं ताणली नाही. पाच गोळ्या. सगळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील एवढ्या जागेत.

रेंजवरचे सगळे कार्डाभोवती जमले. मग सुलोचनाबाईच म्हणाल्या, अगं माय! ताई, काय गोड दस्ता बनवून आणला हो तुम्ही. मले तं असं वाटून राह्यलं, माह्यासाठीच बनवला.

म्हणजे काय सिद्ध झालं? दस्ता उत्तम आहे. माझी निवड अचूक होती. लाकूड रुळलं. रविवारी बघाच.

८ नोव्हेंबर, शनिवार
उद्या सिलेक्शन. झोप येत नाही, पण ते दुपारी झोपल्यामुळे.

नागपूरला काय असतं? रेंज असते, उकडलेले बटाटे असतात, मेडल मिळतंच असं नाही. मिळालेलं नाही. पण लाउडस्पीकरवर एक माणूस म्हणतो, वर्धा जिल्हा, मीरा केशव हिवरकर. पूर्ण नाव. रिटायर झाल्यापासून माझं पूर्ण नाव वर्षातून तेवढं एकदाच कोणी घेतं. एरवी मी सिंदी मेघेतल्या तिसऱ्या गल्लीतल्या काकू आहे. आणि आता कंडक्टरची आजी.

हे लिहायचं नव्हतं. खोडणार होते, पण मी खाडाखोड केलेला कागद कधी पास केलेला नाही.

उद्या मीच.

९ नोव्हेंबर, रविवार
अन्याय. शुद्ध, लेखी तक्रार करण्याजोगा अन्याय.

आम्ही दोघीच. शेजारी शेजारी मॅट, समोर शेजारी शेजारी कार्ड. मान ताणून ताणून माझ्या डोळ्यात पाणी आलं, समोर दोन दोन कार्डं दिसायला लागली. तरी एक गोळी अशी सुटली, की सुटताक्षणी कळलं, दहा! आयुष्यातली सर्वांत सुरेख गोळी.

लागली दहावरच. सुलोचनाबाईंच्या कार्डावर.

आता नियम बघा. दुसरीच्या कार्डावर मारलेली गोळी मारणारीला शून्य. आणि कार्डावर अकरा भोकं झाली आणि कोणतं कोणाचं हे कळेना, तर कार्डाच्या मालकिणीला त्यातली सगळ्यांत चांगली दहा भोकं धरायची. त्यांचं एक सातावरचं भोक गळालं, माझं दहाचं आत गेलं. मी प्रफुलला सांगितलं, ते दहाचं माझं आहे, मी ओळखते. तो म्हणाला, मॅडम, भोकाले नाव नसते.

सुलोचनाबाई म्हणाल्या, राहू द्या हो, माहं सातच धरा, मले नाई पायजे. ते धरलं असतं, तरीही त्याच पुढे होत्या, म्हणून हे औदार्य. मी ऑब्जेक्शन लिहून दिलं, तीन मुद्दे, खाली सही. प्रफुलनं ते घडी घालून खिशात ठेवलं, खर्ऱ्याच्या पुडीशेजारी.

केशव न्यायला आला होता. स्कूटरवर मागे बसले तेव्हा म्हणाला, पाय टेकतात का नीट? मी म्हटलं, टेकतात. टेकत नव्हते.

११ नोव्हेंबर, मंगळवार
रात्रभर विचार करून व्यवहारी निर्णय घेतला. थंडीत लाकूड थोडं वाढतं, तेव्हा एक इंच कमी करायला माझी तात्त्विक हरकत नाही. पुढच्या वर्षाची तयारी आतापासून. सुलोचनाबाई काही जन्मभर टिकायच्या नाहीत, सोयाबीनचा सीझन असतो.

क्लबवर गेले. प्रफुलला म्हटलं, काप.

तो थांबला. खर्रासुद्धा थांबला. मग म्हणाला, आता कसं कापू मॅडम? सुलोचनाबाई हेच रायफल घेऊन चालल्या ना नागपूरले. त्याइले बरोब्बर बसते. कमिटीनं तसं लिहून बी ठेवलं.

मी म्हटलं, दस्ता माझा आहे. तो म्हणाला, दस्ता तुमचा, पण रायफल क्लबचं. बिनदस्त्याचं रायफल कोणी मारते काय? नंतर आवाज उतरवून म्हणाला, जुना दस्ता आहे ना कोठीत. तो तुम्हाले चांगला बसत होता. मी तेव्हाच सांगणार होतो, पण तुम्ही ऐकून राह्यल्या काय कोणाचं?

रायफलच नाही, तर नुसता जुना दस्ता घेऊन मी काय करू? घरी येऊन पोह्यात मीठ दोनदा घातलं. केशवनं पूर्ण संपवले.

२३ नोव्हेंबर, रविवार
सुलोचनाबाईंना नागपूरला ब्राँझ. वर्ध्याला या गटात पहिल्यांदाच. म्हणजे माझ्या दस्त्याला.

प्रफुलचा फोन आला. म्हणाला, कमिटीनं दस्त्यावर पितळी पट्टी लावली, तुमच्या नावाची, देणगीदार म्हणून. नागपूरले सगळे विचारत होते, हे सागाचं काम कोणाचं? सुलोचनाबाई स्वतः सांगत होत्या सगळ्याइले, आमच्या मीराताईनं करून दिलं. मी विचारलं, पट्टीवर हुद्दा लिहिला का, निवृत्त कोषागार अधिकारी? तो म्हणाला, जागा पुरली नाई.

संध्याकाळी त्यानं फोटो पाठवला. सुलोचनाबाई पालथ्या, नेम धरलेला. केशवचा चष्मा घेऊन मोठा करून बघितला. पट्टी दस्त्याच्या वरच्या कडेला लावली आहे. ‘सौ. मी’ एवढं वाचता येतं.

पुढे त्यांचा गाल आहे.